तीन मिनिटं त्रेचाळीस सेकंद

हर्षद पिसाळने मदतनीस म्हणून नाव नोंदवलं ते लेकीच्या हट्टापायी. ईश्वरी नववीत होती, शाळेच्या कबड्डी संघात खेळायची. संघाच्या प्रशिक्षक समृद्धी डुबल यांनी सगळ्या मुलींना बजावलं होतं, की घरातलं एक तरी मोठं माणूस 'हाके'च्या वर्गाला बसलंच पाहिजे. डुबल मॅडमनी सांगितलं म्हटल्यावर ईश्वरीपुढे कुणाचंच काही चालायचं नाही.

"पप्पा, तुम्ही दुकानात दिवसभर बसूनच असता. तुम्हीच जा."

कराडच्या मंडईला लागून हर्षदचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस सरळ, बोलायला मऊ. कुणाच्या अध्यातमध्यात नाही. लोक आपल्याला चांगला म्हणतात याचं त्याला मनातून फार अप्रूप होतं, आणि ते तसंच राहावं म्हणून तो आयुष्यभर जपून वागत आला होता. वर्गात त्याने मन लावून सगळं शिकून घेतलं. प्रमाणपत्र काचेत बसवून दुकानात लावलं.

'हाक' ही २०३८ सालापर्यंत राज्यभर पोचलेली गोष्ट. रुपयाएवढी एक पातळ चकती डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली चिकटवायची, की ती हृदयाचे विद्युत ठोके रात्रंदिवस वाचत राहते. हृदय बंद पडलं असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ते आधी थरथरायला लागतं. एका तालात आवळणारे स्नायू आपापल्या मर्जीने फडफडतात आणि रक्त पुढे ढकललंच जात नाही. माणूस कोसळतो. तिथून पुढे प्रत्येक मिनिटाला जगण्याची आशा साधारण दहा टक्क्यांनी घटते, आणि चारेक मिनिटांनंतर मेंदूच्या पेशी मरायला लागतात. रुग्णवाहिका कितीही पळाली तरी चार मिनिटांत पोचत नाही. पण चारशे मीटरच्या आत एखादा शिकलेला माणूस बहुधा असतोच. चकती नेमकी त्याला हाक मारते. त्याचा फोन एका वेगळ्याच आवाजात ओरडतो, वाट दाखवतो, आणि हृदयाला विजेचा झटका देऊन तालावर आणणारी, जवळच्या भिंतीवरची शॉक-पेटी आपोआप उघडते. मदतनिसाने जाऊन छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवायचे आणि मिनिटाला शंभर-एकशेवीस वेळा, दोन इंच खोल दाबत राहायचं. थांबलेल्या हृदयाचं काम तेवढा वेळ आपल्या हातांनी करायचं.

वर्गात हर्षदने ते रबरी पुतळ्यावर शंभर वेळा केलं होतं. पुतळा पुरुषाचा होता. सपाट छातीचा, उघडा. सगळेच पुतळे तसे होते आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, हर्षदचा फोन ओरडला.

समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा तसाच सोडून तो धावला. मंडईच्या मागची गल्ली, सत्तर मीटर. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी लोकांचं कडं जमलं होतं. 'हाक, हाक' असं ओरडत तो आत घुसला, आणि लोकांनी वाटही दिली. खाली फरशीवर एक बाई उताणी पडली होती. निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. डुबल मॅडम! वय तिशीचं. डोळे अर्धवट उघडे, आणि घशातून मधूनच एक घुरघुर.

ती घुरघुर म्हणजे श्वास नव्हे, हे त्याला शिकवलेलं होतं. तो गुडघ्यावर बसला. फोनमधून आवाज आला, "छातीच्या मधोमध तळहात ठेवा. दाबायला सुरुवात करा."

त्याने हात पुढे केले, आणि ते हवेतच थांबले.

त्याला एकाएकी भोवतालची माणसं दिसली. बारा-पंधरा तोंडं, सातआठ फोन त्याच्याकडे रोखलेले. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, बाईमाणूस आहे, जरा बघून." कुणीतरी हसल्यासारखं वाटलं, ते खरंच हसलं की नाही, हे हर्षदला पुढे कधीच कळलं नाही. त्याने हात मागे घेतले. मनगट धरून नाडी बघितली. ती लागली नाही. पुन्हा बघितली. दुसऱ्या मनगटाची बघितली. बाटलीतलं पाणी घेऊन तोंडावर शिंपडलं, जे करू नका म्हणून वर्गात तीनदा सांगितलं होतं. ट्रॅकसूटची वर सरकलेली कड नीट खाली ओढली. आणि मान वर करून, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "इथं कुणी बाई आहे का?"

फोन सांगतच होता. "दाबायला सुरुवात करा. दाबायला सुरुवात करा."

मंडईच्या फाटकाशी मालन बसायची, मेथी-कोथिंबीर विकायला. तिच्या डोक्यावरच्या भिंतीतली शॉक-पेटी फटकन उघडली होती. ती पेटी काखोटीला मारून, साठीची ती बाई धापा टाकत कड्यात घुसली आणि हर्षदकडे बघून ओरडली, "आवं, बघत काय बसलाय? दाबा की!"

तेव्हा त्याने दाबलं.

एकदा हात टेकल्यावर मग मात्र सगळं आठवलं. ताल, खोली, कोपर सरळ. मालनने मंडईतून मागोमाग आलेल्या तीन बायांना पाठमोरं उभं करून आडोसा केला. पेटी सांगेल तसा कात्रीने टी-शर्ट कापला आणि चित्रात दाखवलेल्या जागी पट्ट्या चिकटवल्या. पेटीने झटका दिला. दुसऱ्या झटक्याला समृद्धीचं हृदय तालावर आलं. नवव्या मिनिटाला रुग्णवाहिका पोचली.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत जिल्हाभर फिरले. सगळे तिथूनच सुरू होत होते, जिथून हर्षदचे हात दाबायला लागले होते. त्याआधीचं कुणी ठेवलंच नव्हतं. घामाने निथळत, दात आवळून दाबणारा एक साधा दुकानदार. आठवड्याभरात सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, टाळ्या. पहिल्या रांगेत ईश्वरी उभी राहून टाळ्या वाजवत होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बोलायची पाळी आली तेव्हा हर्षद म्हणाला, "मी फक्त माझं कर्तव्य केलं." लोकांना तो विनय वाटला. मालनचं नाव त्याने घेतलं नाही. घ्यायचं ठरवून गेला होता. पण ते घेतलं असतं तर ती काय म्हणाली तेही सांगावं लागलं असतं.

समृद्धी सहाव्या दिवशी शुद्धीवर आली. तिच्या हृदयाचा स्नायू जन्मापासूनच जाड होता, हे आता कळलं. डॉक्टरांनी छातीत एक छोटं यंत्र बसवलं. संघातल्या सगळ्या मुलींची तपासणी झाली आणि ईश्वरीसह सगळ्यांना चकत्या लागल्या. समृद्धी हळूहळू चालायला लागली, जेवायला लागली. पण शब्द गेले होते. मेंदूला रक्त मिळालं नव्हतं तेवढ्या वेळात कुठला तरी कोपरा विझला होता. वस्तू समोर दिसायची, तिचं नाव सापडायचं नाही.

ईश्वरी भेटून आली आणि दप्तरसुद्धा न काढता खाटेवर बसली. "पप्पा, मॅडमना आमच्यातल्या एकीचंही नाव आठवत नाही. माझ्याकडे बघून खूप वेळ विचार केला आणि म्हणाल्या, 'खुर्ची'. मग त्यांनाच कळलं, चुकलं म्हणून. रडायला लागल्या."

हर्षद उठला. मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी समृद्धीचे वडील दुकानात आले. निवृत्त पोस्टमन, सगळे त्यांना तात्या म्हणत. काठी भिंतीला टेकवून ते खाली वाकले. ते पाया पडतायत हे लक्षात येताच हर्षद इतक्या झटक्याने मागे सरला, की चष्म्यांची एक फळी खाली आली.

"तात्या, नका हो! असं नका करू."

"तुम्ही होता म्हणून पोरगी वाचली," तात्या म्हणाले. "घरी या एकदा. तिलाही बघायचंय तुम्हाला."

"येतो," हर्षद म्हणाला. तो गेला नाही.

मंडईतनं जाणंही त्याने टाळलं. एकदा चुकून मालनच्या समोर आला, तेव्हा तीच म्हणाली, "बरी हाय न्हवं ती मास्तरीण? मी उगाच वरडले तुमच्यावर. मागनं वाटलं, शिकल्याला माणूस हाय, कायतरी तपासत आसंल." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. तिने दिलेली कोथिंबिरीची जुडी हातात धरून तो घरापर्यंत मान खाली घालून चालत आला.

मार्चमध्ये 'हाके'च्या तालुका समन्वयक डॉ. फर्झाना मुल्ला यांनी त्याला कार्यालयात बोलावलं. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी टेबलावर एक लांब आलेख पसरला.

"ही त्या दिवशीची समृद्धीच्या चकतीची नोंद. इथं हृदय फडफडायला लागलं. इथं, अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला, तुमचा फोन तिच्यापासून एक मीटरवर आला. छाती दाबली की आलेखावर अशी मोठी लाट उमटते. पहिली लाट बघा कुठं आहे."

हर्षदला बघायची गरज नव्हती.

"चार मिनिटं एकतीस सेकंदांवर," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "मधे तीन मिनिटं त्रेचाळीस सेकंद आहेत. ही नोंद गुप्त असते, तिच्या घरच्यांनाही दाखवत नाही. तुमचं नाव कुठंही येणार नाही. आम्हाला फक्त कारण लिहावं लागतं."

कारणांची यादी छापलेली होती. फोनमध्ये बिघाड. रुग्ण अडचणीच्या जागी. स्वतःची तब्येत. गर्दीमुळे पोचता आलं नाही. हर्षदने यादी दोनदा वाचली. खरं कारण त्यात नव्हतं. खाली 'इतर' म्हणून एक मोकळी ओळ होती. त्याने 'गर्दी'समोर खूण केली.

डॉ. मुल्लांनी कागद घेतला. खूण बघितली.

"गंमत आहे," त्या म्हणाल्या. "राज्यभरच्या नोंदी मी बघते. पुरुष पडला, तर मदतनीस पोचल्यापासून हात लागेपर्यंत सरासरी अकरा सेकंद जातात. बाई पडली तर जवळजवळ दोन मिनिटं. आणि प्रत्येकाने लिहिलंय, गर्दी. बाई पडली की गर्दी जास्त होत असेल, नाही का?"

त्याने मान हलवली. होय की नाही, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

यंत्रणेला माणसांची कारणं कळत नाहीत, आकडे कळतात. 'हाके'चा मेंदू स्वतःच शिकत जाणारा होता. कुठल्या माणसाला बोलावलं तर छातीवर हात लवकर पडतो, याचा हिशेब तो सतत मांडत असे. हजारो नोंदींवरून त्याने एक निष्कर्ष काढला, आणि वरच्या समितीला तो सोयीचा वाटला. जूनमध्ये सगळ्या मदतनिसांना संदेश आला. हर्षदचा फोन तेव्हा ईश्वरीच्या हातात होता. तिनेच तो मोठ्याने वाचला.

"एक तारखेपासून महिला रुग्णांसाठी फक्त महिला मदतनिसांना हाक जाईल. आपला फोन पुरुष रुग्णांसाठीच वाजेल." ती थांबली. "कराडात किती बायका मदतनीस आहेत?"

"चौऱ्याण्णव," हर्षद म्हणाला. त्याला आकडा पाठ होता. "पुरुष सहाशे अकरा."

"मग असं का?" तिने गळपट्टीच्या हाडाखाली आपल्या चकतीवर बोट ठेवलं. "म्हणजे मी दुकानासमोर पडले, तर तुमचा फोन वाजणारच नाही? कुठली तरी बाई सापडेपर्यंत मी तशीच?"

हर्षदने फोन मागायला हात पुढे केला, पण तिने तो दिला नाही.

"तुम्ही त्यांना सांगा ना पप्पा! तुम्ही मॅडमना वाचवलंत. तुमचं ऐकतील ते. पुरुषांनाही जमतं म्हणून सांगा."

आता यापुढे तिच्याकडे बघून बोलणं त्याला शक्य नव्हतं. भिंतीकडे बघत त्याने सगळं सांगितलं. हवेत थांबलेले हात, तीनदा बघितलेली नाडी, शिंपडलेलं पाणी. 'इथं कुणी बाई आहे का' हे वाक्यसुद्धा सांगितलं. ते उच्चारताना त्याचे कान तापले. "मला लोकांची लाज वाटली," तो म्हणाला. "लोक काय म्हणतील, तुझ्या कानावर काय येईल, असं सगळं डोक्यात आलं. मॅडम सोडून बाकी सगळ्यांचा विचार आला."

ईश्वरी ओरडली नाही, रडलीही नाही. फोन तिने टेबलावर अगदी हळू ठेवला.

"मी सगळ्यांना सांगत होते," ती म्हणाली, "की ते माझे पप्पा आहेत."

त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. ताट वाढून ठेवलंय. दार लावून घ्या. बस्स.

पुढच्या रविवारी हर्षद डुबलांच्या घरी गेला. तात्यांनी आनंदाने आत नेलं, आग्रहाने बसवलं, स्वतः चहा आणून पुढे ठेवला. समृद्धी खिडकीशी बसली होती. मांडीवर मुलांच्या चित्रांचं पुस्तक उघडं होतं. त्याला बघून ती हसली. उठायला लागली.

"बसा," हर्षद म्हणाला. "आधी मला बोलू द्या."

त्याने बोलून टाकलं. या वेळी भिंतीकडे बघितलं नाही. कितीही वाटलं तरी नजर खाली घालायची नाही, एवढं त्याने येतानाच ठरवलं होतं. नोंदीतले आकडे सांगितले. गर्दीपुढची खोटी खूणही सांगितली.

तात्यांनी पुढे होऊन त्याच्या समोरचा भरला कप उचलला, आणि तो तसाच घेऊन ते आत निघून गेले. परत बाहेर आले नाहीत.

समृद्धी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या ओठांची हालचाल व्हायची आणि थांबायची. शब्द येता येता मागे फिरत असावेत. शेवटी एक सापडला.

"का?"

"लाज वाटली."

"कु... कुणाची?"

"तिथं बघत होते, त्यांची."

तिने डोळे मिटले. बऱ्याच वेळाने, एकेक शब्द लांबून ओढून आणल्यासारखं ती म्हणाली, "ते गेले. घरी." मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी... इथं."

माफ करा हा शब्द हर्षदच्या तोंडात होता. तो म्हणायचीही त्याची छाती झाली नाही. तिच्यापाशी मागण्यासारखं काही उरलंय असं त्याला वाटेना.

सोमवारी सकाळी तो डॉ. मुल्लांसमोर उभा राहिला. "ती खूण खोडायचीय. 'इतर'मध्ये लिहायचंय. आणि नाव लपवू नका."

"नाव घातलं, तर लोक फाडून खातील तुम्हाला."

"तसं व्हावं अशी माझी हौस नाही, डॉक्टर. पण नाव नसलं, तर ते पुन्हा गर्दीच होईल."

त्याने लिहिलं: 'रुग्ण बाई होती. लोक बघत होते. हात लावायची लाज वाटली. वर्गातला पुतळा पुरुषाचा होता, लोकांसमोर सराव कधी झाला नव्हता. पण हे कारण नाही, लाज हेच कारण.' त्याखाली पूर्ण नाव आणि दुकानाचा पत्ता. शिवाय मालनचं नाव, आणि तिने काय केलं ते.

तो कागद नावासकट राज्यभरच्या मदतनिसांपर्यंत पोचला, आणि व्हायचं ते झालं. पूर्वीचा व्हिडिओ पुन्हा फिरला, या वेळी शिव्यांसह. दुकानात येणारी काही माणसं येईनाशी झाली. काही मुद्दाम आली, नुसती बघायला. सत्कार करणाऱ्या मंडळाने पत्र पाठवून खेद कळवला. पण महिन्याभरात डॉ. मुल्लांकडे इतर जिल्ह्यांतून एकोणचाळीस मदतनिसांचे कागद आले. त्यांनीही गर्दीवरची खूण खोडली होती. एकाने नुसतं 'मी पण' एवढंच लिहिलं होतं. तो गठ्ठा घेऊन डॉ. मुल्ला समितीपुढे गेल्या आणि अडून बसल्या. नवा नियम रद्द झाला नाही. कराड तालुक्यापुरता तीन महिने थांबवला. तेवढ्या मुदतीत सेकंद खाली आणून दाखवा, मग बघू, असं उत्तर मिळालं.

सराव शाळेच्या मैदानावर ठेवला, मधल्या सुट्टीत, सगळ्यांच्या देखत. पुतळे नवीन मागवले होते, बाईच्या बांध्याचे. तिथं समृद्धी आली. तात्या फाटकापर्यंत सोडून, आत न येता परत गेले. तिने एका पुतळ्याला स्वतःचा जुना निळा टी-शर्ट घातला आणि तो मैदानाच्या मधोमध निजवला. हातात स्टॉपवॉच घेतलं. साठ-सत्तर पुरुष एका कडेला अवघडून उभे होते. दुसऱ्या कडेला कबड्डीच्या मुली, पायऱ्यांवर अख्खी शाळा. मालनलाही खास बोलावलं होतं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

समृद्धीने रांगेवरून नजर फिरवली आणि हर्षदकडे बोट केलं.

तो पुढे आला. मुली कुजबुजल्या. त्यांच्यात ईश्वरी होती. तिने मान वळवली नव्हती, एवढंच त्याला दिसलं. शिट्टी झाली. तो धावला, गुडघ्यावर बसला, आणि निळ्या कापडाच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून दाबलं. सगळ्या मैदानाचे डोळे त्याच्या हातांवर होते. चेहरा लाजेने जळत होता. तो दाबत राहिला.

शिट्टी. तो उठला. समृद्धीने स्टॉपवॉच त्याच्यासमोर धरलं. चौदा सेकंद.

तिने मान हलवली. शब्द शोधायला तिला या वेळी मुळीच वेळ लागला नाही.

"परत," ती म्हणाली.

हर्षद वळला आणि धापा टाकत मैदानाच्या कडेकडे चालू लागला.